कोरडी पांढरी वाइन आणि आपल्याकडचं ताट : लिंबाच्या फोडीचा नियम

वेलमांडव | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर सांगली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमधली बेदाण्याची गडबड, आमच्या घरचं कॅलेंडर हेच. घरात द्राक्षाचं एवढं सगळं असून वाइन कशी चाखायची, कशाबरोबर घ्यायची हे मात्र कुणाकडून कळलं नाही. वाचायला गेलं की सगळीकडे कालवं, शतावरी आणि बकरीच्या दुधाचं चीज. ती त्यांच्या गावची जेवणं. माझ्या ओट्यावर शनिवारी रात्री भरीत असतं, कोशिंबीर असते, मिळाली तर मरळ मासळी असते. म्हणून स्वतःच करून पाहिलं. जे सापडलं ते सविस्तर लिहिते, चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

काल गच्चीवर आम्ही सहाजण बसलो होतो, सगळे पस्तिशीच्या पुढचे. त्यातले दोघं पीत नाहीत, ते नुसता वास घ्यायला बसले आणि वास ओळखण्यात तेच पुढे निघाले. बाटल्या दोन. दोन्ही पांढऱ्या वाइन, नावं द्राक्षाच्या जातींवरून. एक सोव्हिन्यों ब्लाँ, पूर्ण कोरडी, म्हणजे गोडी जवळपास नसलेली. दुसरी शेनिन ब्लाँ, किंचित गोडसर. दोन्ही नाशिककडच्या. हा धागा मुख्यतः पहिलीबद्दल आहे.

आधी काही न खाता चाखली. रंग अगदी फिका. मण्यात पाणी उतरायला लागतं तेव्हा जी पिवळसर हिरवी झाक दिसते ना, तीच. वास आधी लिंबाच्या सालीचा, मग कच्च्या पेरूचा, आणि ग्लास थोडा फिरवल्यावर नुकत्याच चिरलेल्या ढबू मिरचीचा. हा ढबू मिरचीचा वास न पिणाऱ्या वहिनींनी सांगितला आणि मग सगळ्यांनाच यायला लागला. तोंडात घेतली तर गोडी नावाला नाही. कैरी नुसती बघितली तरी जबड्याच्या कडेला पाणी सुटतं, तसं सुटलं. गिळल्यावर मागे सालीचा हलका कडवटपणा राहिला.

नुसती चाखून दोघांनी तोंड वाकडं केलं, "ही आंबट आहे" म्हणाले. त्याच दोघांनी जेवताना दुसऱ्यांदा मागितली. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. ही वाइन एकटी बसून प्यायची नाही, ती ताटातली आहे.

रवा लावून तळलेली मरळ सगळ्यात सरस ठरली. तेलाचा ओशटपणा एका घोटात धुऊन जातो आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. मुद्दाम एक तुकडा लिंबू पिळून आणि एक न पिळता खाल्ला. न पिळलेल्या तुकड्याबरोबर वाइन जास्त चांगली लागली, कारण लिंबाचं काम तीच करत होती. तिथेच डोक्यात आलं : आपण ज्या पदार्थावर लिंबाची फोड ठेवतो, त्याच्याबरोबर ही वाइन चालायला हवी.

काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट आणि जिऱ्याची फोडणी घातलेली, छान जमली. भडंगही, पण मी घरी कमी तिखटाचं केलं होतं. मीठ, लसूण, शेंगदाणे आणि तेल यांना आंबटाची ओढ असतेच. अळूवडीचे दोन प्रकार केले होते. नेहमीसारखा चिंच-गूळ घातलेल्या वडीबरोबर वाइन एकदम पाणचट आणि आंबट झाली. गूळ जवळजवळ नसलेली वडी मात्र झकास.

कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, चुलीवर भाजलेलं, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर. यावर आपण लिंबू पिळत नाही, तरी जमलं. का ते मला सांगता येत नाहीये.

तांबडा रस्सा सपशेल फसला. पहिल्या क्षणाला गार वाटतं, आणि मग जिभेला आग लागते ती पाण्यानेही जात नाही. शेवटी साताऱ्याचे कंदी पेढे काढले. पेढ्यानंतरचा घोट कुणालाच आवडला नाही, कडू आणि रिकामा.

तर लिंबाच्या फोडीचा नियम तुम्हाला पटतो का? कुठे मोडतो ते सांगा.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१५

ताई, वाखु (वाचनखूण) साठवली.

मरळीबद्दल पूर्ण सहमत. मी वाम घेऊन करून पाहिलंय, पण वाम जास्त तेलकट असते आणि आमच्याकडे तिला मसाला झणझणीत लावतात, तिथे वाइन हरते. चिलापी साधं मीठ-हळद-लसूण लावून तव्यावर परतली तर उत्तम. माझ्या अनुभवात मासा कुठला यापेक्षा त्याला लावलेलं वाटण कुठलं यावर सगळं अवलंबून आहे. हिरवं वाटण, म्हणजे कोथिंबीर, लसूण, आलं, असेल तर ही वाइन. लाल तिखट असेल तर नाही.

एक विचारायचं होतं. मागे एका दुकानातून अशीच बाटली आणली, तर रंग चक्क मधासारखा आणि वास डागाळलेल्या सफरचंदाचा. मला वाटलं जुनी म्हणजे चांगली. तसं असतं का?

मिरजकर_नाशकात | सोमवार, सकाळी ७:५०

मी मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं नाशिकला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करतोय. धागा वाचून फार आनंद झाला, म्हणून मोठा प्रतिसाद.

कृष्णाकाठ, नाही. ताज्या, हलक्या पांढऱ्या वाइनचं सगळं सौंदर्य ताजेपणात आहे. लेबलवर द्राक्षं तोडल्याचं साल असतं, त्यापासून दीड-दोन वर्षांत ती संपवायची. तुमची बाटली उन्हात किंवा गरम काचेच्या कपाटात राहून हवेने खराब झालेली होती. घेताना बाटली उजेडासमोर धरा. रंग सोनेरी-तपकिरीकडे झुकला असेल तर परत ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत दोन तास ठेवलेली बाटलीही बिघडते.

आता "कोरडी" शब्दाबद्दल. त्याचा अर्थ घसा कोरडा करणारी असा नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्टने जवळपास सगळी खाऊन टाकली की ती कोरडी. युरोपातल्या नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर राहिली तर कोरडी म्हणतात, आणि आम्ल पुरेसं असेल तर ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे. बागायतदारांच्या भाषेत सांगायचं तर २२ ब्रिक्सचा, म्हणजे रसात वजनाने साधारण २२ टक्के साखर असलेला माल घेतला आणि सगळी साखर आंबू दिली, तर साधारण १२ टक्के अल्कोहोल येतं. ब्रिक्सला ०.५५ ने गुणायचं, एवढा सोपा हिशेब. फळाचा गोड वास आला म्हणून वाइन गोड आहे असं समजू नका. नाक दाबून एक घोट घ्या, मग जीभ खरं सांगते.

ढबू मिरचीचा वास वहिनींनी अचूक पकडला. सोव्हिन्यों ब्लाँच्या द्राक्षात पायराझिन नावाचे घटक असतात आणि ढबू मिरचीतही त्याच जातीचा घटक असतो. लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी नाकाला कळतात. द्राक्ष जास्त पिकलं की तो वास कमी होतो.

आंबटपणाचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. द्राक्षात मुख्य दोन आम्लं : टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. उन्हात मणी पिकताना वेल ते जाळून टाकते, म्हणून गरम प्रदेशात ताजी वाइन करणं अवघड. त्यासाठी माल रात्री किंवा पहाटे तोडतात, लगेच दाबून साल बाजूला करतात आणि रस स्टीलच्या टाकीत १२ ते १६ अंशांना सावकाश आंबवतात. आणि टार्टारिक म्हणजे आपल्या चिंचेतलं आम्ल. तुमच्या अळूवडीत आणि ग्लासात आम्ल एकच होतं, ताई! बिनसलं ते गुळामुळे. जेवणात गोडी आली की कोरडी वाइन आंबट आणि पातळ लागणारच. गोडा मसाला आणि गूळ घातलेल्या आमटीबरोबर म्हणूनच ती घेऊ नये.

तांबड्या रश्श्याचंही कारण आहे. तिखटाची आग ज्या संवेदकामुळे जाणवते त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे तिखट आणि वाइन एकत्र आले की आग वाढते. तुमच्या दुसऱ्या बाटलीतली, शेनिन ब्लाँसारखी थोडी गोडसर वाइन तिथे जरा तग धरते.

भरीताबद्दल : वांग्याला भाजल्याचा धुरकट वास आहे, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर हे दोन हिरवे वास. वाइनमधला हिरवेपणा कोथिंबिरीला जाऊन भेटतो. फ्रान्समध्ये लोआर नदीकाठी याच द्राक्षाची पुयी-फ्युमे नावाची वाइन होते, त्या नावातल्या फ्युमेचा अर्थच धुरकट. नदीकाठची वांगी आणि नदीकाठची द्राक्षं, मला तरी हे जुळणं फार आवडतं.

अजिंक्यतारा | सोमवार, दुपारी २:३०

मी साताऱ्याहून. स्वयंपाक हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून नियम जरा ताणून बघते. आपण लिंबू कशाकशावर पिळतो? पोह्यांवर, उपम्यावर, साबुदाण्याच्या खिचडीवर, वरण-भातावर आणि मिसळीवर. मिसळीची तर्री म्हणजे तुमच्या तांबड्या रश्श्याचीच बहीण, म्हणजे नियम तिथे मोडलाच. तांबड्या रश्श्यावरही आमच्याकडे लिंबू पिळतात. तेव्हा नियमात तिखटाची अट घाला.

उलट बाजूनेही सांगते. कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची उसळ आमच्या घरी आठवड्यातून एकदा असते, तिला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा मला अभिमान आहे, पण या वाइनबरोबर ती जड आणि मातकट लागली. तिच्यावर लिंबू आम्ही पिळत नाहीच. इथे नियम खरा ठरतो.

आणि बकरीच्या चीजला एवढं लांब ठेवू नका. शेळीचं दूध आपल्याकडे गावोगाव आहे. मी त्याचं दही लावून फडक्यात बांधलं, रात्रभर टांगलं, सकाळी त्या चक्क्यात मीठ, भरडलेलं जिरं आणि ओल्या लसणाची पात घातली. ज्वारीच्या कडक भाकरीवर लावून खा. शेळीच्या दुधाचा उग्र वास वाइनमुळे एकदम सौम्य होतो. आमच्या भाऊंची ही पहिली वाइन पिण्याची वेळ होती आणि त्यांनी भाकरी संपेपर्यंत बोलणं बंद केलं.

वरण-भाताचं मात्र कुणीतरी करून बघा. साधं वरण, हिंग-हळद, वर तूप, लिंबू न पिळता. मला उत्सुकता आहे.

बेदाणा_शेड | सोमवार, रात्री ८:०५

मी पिकवणारा माणूस आहे, पिणारा नाही. पण हा धागा दोनदा वाचला.

२००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, पुढे पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क झालं. त्या वातावरणात आमच्या भागात बऱ्याच जणांनी वाइनची द्राक्षं लावली. मीही दीड एकर सोव्हिन्यों लावली, जिल्ह्याबाहेरच्या एका कारखान्याशी करार करून. दोन हंगाम त्यांनी माल उचलला. तिसऱ्या हंगामाला गाडीच आली नाही, फोन उचलले नाहीत. ही द्राक्षं खायच्या बाजारात कोण घेणार? छोटा मणी, जाड साल, आत बिया. बेदाण्यालाही चालत नाही. पुढच्या वर्षी वेल छाटून त्यावर थॉम्पसनचं, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षाचं कलम भरलं. आजही तिथे थॉम्पसनच आहे, खाली खुंट डॉगरिजचा.

त्या मालाची वाइन मी कधी चाखली नाही. करारात तसं काही नव्हतं आणि मागायचं सुचलं नाही. माझा प्रश्न मिरजकरांना : आमच्या थॉम्पसनची अशी वाइन का होत नाही? माल तर भरपूर आहे.

मिरजकर_नाशकात | सोमवार, रात्री ९:२०

दादा, होते, पण तिला स्वतःचं बोलणं नसतं. थॉम्पसन खायला गोड आणि कुरकुरीत असावी म्हणून निवडलेली जात आहे. आपण जीए (जिबरेलिक आम्ल) हे वाढीचं संजीवक देऊन मणी फुगवतो, त्यात पाणी वाढतं, सालीचा वाटा कमी होतो. वास आणि चव बरीचशी सालीत आणि सालीच्या लगतच्या गरात असते. बेदाण्याला साखर हवी, तिथे थॉम्पसन राजा आहे. वाइनला साखरेबरोबर आम्ल आणि वास हवा. वाइनच्या वेलीवर माल मुद्दाम कमी धरतात तो त्यासाठीच.

तुमची गाडी आली नाही हे वाचून फार वाईट वाटलं. इकडेही अशा बागा मोडलेल्या पाहिल्या आहेत.

वेलमांडव | सोमवार, रात्री ९:४५

बेदाणा_शेड दादा, येत्या शनिवारी आमच्याकडे या. बाटली सोव्हिन्यों ब्लाँचीच असेल. एक घोट घ्या, नको वाटलं तर नुसता वास घ्या. वहिनींना घेऊन या आणि मुक्कामालाच या, म्हणजे रात्री गाडी चालवायला नको.

अजिंक्यतारा, तिखटाची अट मान्य. वरण-भात मी करते.

हळदीचा_वास | मंगळवार, सकाळी ११:१०

मिरजकर दादा, गार किती करायची? आमच्याकडे फ्रीजमधून काढून थेट ओतली, काहीच वास आला नाही. आणि ग्लास नसतील तर स्टीलचे पेले चालतील का? बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, ते काय असतात?

मिरजकर_नाशकात | मंगळवार, दुपारी १:००

८ ते १० अंश. घरचा फ्रीज ४-५ अंशांवर असतो, त्या थंडीत वास गोठल्यासारखा होतो. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. उलट बाटली गरम असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात वेळ लागतो, पाणी हवंच. ग्लासात बर्फ टाकू नका.

स्टीलचा पेला नको. त्यात रंग दिसत नाही आणि रुंद तोंडातून वास उडून जातो. काचेचा, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा कुठलाही चालेल, फक्त साबणाचा वास राहू देऊ नका. एक तृतीयांशच भरा. चाखण्यापुरती ५० मिली पुरते, म्हणजे ७५० च्या बाटलीत पंधराजणांचं चाखणं होतं.

खडे म्हणजे टार्टारिक आम्लाचेच क्षार, थंडीत खाली बसतात. निरुपद्रवी आहेत. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते.

वेलमांडव | रविवार, सकाळी १०:३०

कालचा वृत्तान्त.

आधी वरण-भात. तूरडाळीचं घट्ट वरण, हिंग-हळद, मीठ, वर घरचं तूप, लिंबू नाही. पहिला घास, मग घोट. तुपाचा रवाळ स्निग्धपणा आणि डाळीचा मऊपणा, त्यावर वाइनचा आंबटपणा असा काही बसला की टेबलावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या सासूबाई पीत नाहीत, पण ग्लासाचा वास घेऊन म्हणाल्या, "लिंबाच्या सालीचा वास आहे, चव तीच येणार." मरळीपेक्षा मला वरण-भात वरचढ वाटला. एक शिकले : मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त हवं. मीठ कमी असलेल्या वरणाबरोबर वाइन टोचते, मीठ बरोबर असलं की ती गोल होते. दोन वाट्यांत वेगवेगळं मीठ घालून ताडून पाहिलं.

पांढरा रस्साही केला होता. नारळाचं दूध, खसखस, काजू, मिरीचा हलका तिखटपणा. जमला, पण दोन्हींत तोलाचा थोडा फरक राहिला, रस्सा जड पडतो. अजिंक्यताराताईंचा शेळीच्या चक्क्याचा प्रकार सगळ्यात आधी संपला.

म्हणून नियम आता असा लिहून ठेवलाय : ज्याच्यावर लिंबू पिळतो, ज्यात लाल तिखट बेताचं आहे आणि गूळ-साखर नाही, त्याच्याबरोबर ही वाइन. जानेवारीत हुरड्याबरोबर बघायचंय. कोवळी ज्वारी, ओला हरभरा, लसणाची चटणी मात्र बाजूला ठेवून.

आणि बेदाणा_शेड दादा वहिनींसह आले होते. त्यांनी ग्लास हातात घेऊन बराच वेळ वासच घेतला. आम्ही सगळे ढबू मिरची, पेरू, लिंबू म्हणत होतो. ते म्हणाले, "नाही. हा वेलीचा शेंडा खुडताना हाताला येतो तो वास आहे." मी बागेत वाढले, पण हा वास मला ओळखता आला नव्हता. त्यांनी सांगितल्यावर मला बोटांना लागलेली हिरवी चिकट लव आठवली. मिरजकर, असं असू शकतं का?

मिरजकर_नाशकात | रविवार, सकाळी ११:१५

असू शकतं काय, तसंच आहे. पायराझिन फक्त मण्यात नसतं, देठात आणि हिरव्या फुटीतही असतं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत हा वास कागदावर लिहितोय, पण "शेंडा खुडल्याचा वास" हा शब्द आमच्या कुणाच्या वहीत नाही. उद्यापासून लिहीन.

बेदाणा_शेड | रविवार, रात्री ८:४०

ताई, जेवण फार चांगलं झालं. तुमच्या वहिनींना सांगा, आमच्या घरी वरण पुन्हा केलं.

पुढच्या आठवड्यात छाटणी घेतोय. महिन्याभरात शेंडा मारायला येईल, तेव्हा सगळ्यांनी बागेत या. थॉम्पसनच असली तरी फुटीचा वास ताजा मिळेल. बाटली आणि भाकरी माझ्याकडे, चक्का साताऱ्याहून येऊ द्या.